दंतपूरण : पारदमेल ते संमिश्र रेझीन

दंतक्षयाने किंवा आघाताने दाताच्या कठीण भागात पडलेले विवर स्वच्छ करून त्यात योग्य पदार्थ भरणे व दाताचा आकार, चर्वणक्षमता आणि शक्य तेथे त्याचा रंगही पूर्ववत करणे, या क्रियेस दंतपूरण असे म्हणतात. महाराष्ट्रात सर्वत्र, त्याचप्रमाणे नांदेड व लातूर या जिल्ह्यांतही, बोलीभाषेत या क्रियेला ‘दाढेत चांदी भरणे’ किंवा ‘सिमेंट भरणे’ असे म्हटले जाते. यांपैकी ‘चांदी’ म्हणजे शुद्ध चांदी नसून चांदी, कथिल व तांबे यांच्या मिश्रधातूचा पाऱ्याशी संयोग करून बनविलेला पारदमेल होय. दीड शतकाहून अधिक काळ दाढांच्या पूरणाचे हे प्रमुख द्रव्य होते. विसाव्या शतकाच्या अखेरीपासून त्याची जागा दाताच्या रंगाचे संमिश्र रेझीन घेऊ लागले. व्यवहारात ते ‘कंपोझिट’ या नावाने ओळखले जाते. त्यामुळे पूर्वी चांदी भरलेली असंख्य माणसे आज एकच प्रश्न विचारताना आढळतात : जुनी चांदी काढून पांढरे पूरण करून घ्यावे काय ? या प्रश्नाचे उत्तर केवळ रंगावरून देता येत नाही. त्यासाठी दोन्ही द्रव्यांचा इतिहास व त्यांच्या कार्यामागील तत्त्वे समजून घेणे आवश्यक आहे.

दाताची रचना व दंतक्षय : दाताच्या दृश्य भागावर दंतवल्क हे शरीरातील सर्वांत कठीण ऊतकाचे आवरण असते. वजनाने त्याचा सु. ९६ टक्के भाग कॅल्शियम व फॉस्फेट यांच्या खनिज स्फटिकांचा असतो. त्याखाली दंतिन हे तुलनेने मऊ, सूक्ष्म नलिकांनी युक्त असे ऊतक असते आणि दाताच्या गाभ्यात रक्तवाहिन्या व तंत्रिका असलेला मगज असतो. तोंडातील काही सूक्ष्मजंतू अन्नातील साखरेपासून अम्ल तयार करतात. या अम्लाने दंतवल्कातील खनिजे विरघळून विवर पडते. दंतक्षयाचे हे स्पष्टीकरण विलोबी डेटन मिलर (१८५३–१९०७) या अमेरिकन दंतवैज्ञानिकांनी बर्लिन येथे केलेल्या संशोधनातून १८९० च्या सुमारास मांडले. दंतवल्क तयार करणाऱ्या पेशी दात उगवण्यापूर्वीच नाहीशा होतात, म्हणून विवर पडलेला भाग हाडाप्रमाणे पुन्हा भरून येत नाही. दंतपूरणाच्या इतिहासातील सर्व प्रयत्न व सर्व वाद यांच्या मुळाशी ही एकच वस्तुस्थिती आहे. दाताचा जो भाग एकदा कोरून काढला, तो कायमचा गेला.

प्राचीन उपाय : दाताला कीड लागते व ती प्रत्यक्ष किड्यामुळे लागते, ही समजूत जगातील अनेक प्राचीन संस्कृतींत होती. सुश्रुतसंहितेत दंतगत रोगांमध्ये कृमिदंतक या रोगाचा समावेश आहे. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात कृमिदंताच्या चिकित्सेत दाताची पोकळी गूळ किंवा मेण यांनी भरून तापलेल्या शलाकेने डागण्याचा, तसेच सातवीण व रुई यांच्या चिकाने ती भरण्याचा निर्देश आढळतो. या पूरणाचा हेतू वेदना शमविणे व कृमींचा नाश करणे हा होता. दाताचा आकार व चर्वणक्षमता परत मिळविणे हा हेतू त्यामागे नव्हता. ग्रामीण महाराष्ट्रात भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेऊन दाढेतील किडा पाडण्याचा उपाय अगदी अलीकडेपर्यंत प्रचलित होता. धुरीने वेदना तात्पुरती कमी झाली, तरी विवर तसेच राही आणि अखेरीस दाढ उपटणे एवढाच मार्ग उरे.

चीनमध्ये थांग राजवटीतील ६५९ च्या औषधिग्रंथात चांदी, कथिल व पारा यांच्या लेपाचा दातासाठी उल्लेख आहे. यूरोपात प्येअर फोशार (१६७८–१७६१) या फ्रेंच दंतवैद्यांनी १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दंतकृमीच्या कल्पनेबद्दल शंका व्यक्त केली आणि कथिल, शिसे व सोने यांच्या पत्र्यांनी विवर भरण्याच्या पद्धतींचे वर्णन केले. सोन्याचे पूरण उत्तम टिके. परंतु ते खर्चिक होते व सोन्याचा वर्ख थराथराने ठोकून बसविण्यास पुष्कळ वेळ व कौशल्य लागे. सामान्य माणसास परवडेल असे पूरणद्रव्य तोपर्यंत उपलब्ध नव्हते.

पारदमेलाचा उदय व पहिला वाद : ओग्यूस्त ताव्हो यांनी पॅरिसमध्ये १८२६ च्या सुमारास चांदीच्या नाण्यांचा कीस पाऱ्यात कालवून तयार केलेला लगदा दातात भरण्यास प्रारंभ केला. हा लगदा मऊ असताना विवराच्या कानाकोपऱ्यांत दाबून बसविता येई व काही तासांत घट्ट होई. क्रॉकोर बंधूंनी १८३३ मध्ये ही पद्धत न्यूयॉर्क येथे नेली व ‘रॉयल मिनरल सक्सिडेनियम’ या भारदस्त नावाने तिची जाहिरात केली. दाताची कीड नीट न काढताच ते हा लगदा भरत, अशी टीका त्यांच्यावर झाली. त्या काळचे मिश्रण प्रमाणबद्ध नसल्याने ते घट्ट होताना प्रसरण पावे आणि त्यामुळे दात तडकल्याच्या तक्रारीही येत.

सोन्याचे पूरण करणाऱ्या प्रतिष्ठित दंतवैद्यांनी या द्रव्यास तीव्र विरोध केला. १८४० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन सोसायटी ऑफ डेंटल सर्जन्स या संस्थेने पारदमेलाचा वापर हा व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार ठरविला व १८४५ मध्ये आपल्या सदस्यांकडून तो न वापरण्याची लेखी प्रतिज्ञा मागितली. अनेक सदस्यांनी ती नाकारली. १८५० मध्ये ही अट मागे घेण्यात आली आणि १८५६ मध्ये संस्थाच विसर्जित झाली. पाऱ्याच्या विषारीपणाची रास्त शंका, सोन्याच्या पूरणातील आर्थिक हितसंबंध आणि अप्रशिक्षित व्यावसायिकांबद्दलचा राग या तीन गोष्टी त्या वादात एकमेकींत मिसळल्या होत्या. पुढील प्रत्येक वादात हे मिश्रण कमीअधिक प्रमाणात पुन्हा दिसते.

पारदमेलाला शास्त्रीय बैठक दिली ती ग्रीन व्हार्डिमन ब्लॅक (१८३६–१९१५) यांनी. १८९५-९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून त्यांनी चांदी व कथिल यांचे असे प्रमाण निश्चित केले, की ज्यामुळे घट्ट होतानाचे आकुंचन व प्रसरण नगण्य राही. पुढे रूढ झालेल्या मानकात चांदी किमान ६५ टक्के, कथिल कमाल २९ टक्के व तांबे कमाल ६ टक्के असे प्रमाण होते. ही पूड जवळजवळ तितक्याच वजनाच्या पाऱ्यात घोटली असता पाऱ्याचे चांदीशी व कथिलाशी संयोग होऊन घट्ट पदार्थ बनतो. पारदमेल दाताला चिकटत नाही. त्यामुळे तो निसटू नये म्हणून विवराला सपाट तळ, उभ्या भिंती व तोंडाशी किंचित अरुंद असा पेटीसारखा आकार द्यावा लागतो. शेजारच्या खाचांत पुढे कीड लागू नये म्हणून त्या निरोगी खाचांपर्यंतही विवर वाढवावे, असे ब्लॅक यांचे मत होते. त्यांच्या काळी ते सयुक्तिक असले, तरी त्यात निरोगी दाताचा पुष्कळ भाग खर्ची पडे.

पारदमेलात एक दोष आणि एक गुण परस्परांशी निगडित आहेत. कथिल व पारा यांच्या संयोगाचा भाग दुर्बल असून लाळेत गंजतो व त्यामुळे पूरणाच्या कडा झिजतात. परंतु गंजण्यातून निर्माण होणारे पदार्थ पूरण व दात यांच्यामधील बारीक फट कालांतराने बुजवून टाकतात. १९६३ मध्ये कॅनडातील इनेस व यूडेलिस यांनी तांब्याचे प्रमाण वाढविलेली मिश्रधातू सुचविली. तिच्यात हा दुर्बल भाग जवळजवळ नाहीसा झाल्याने पूरणे अधिक टिकाऊ झाली.

भारत व मराठवाडा : भारतात आधुनिक दंतवैद्यकाचे शिक्षण १९२० मध्ये रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्ता येथे काढलेल्या महाविद्यालयापासून सुरू झाले. मुंबईत १९३३ मध्ये नायर रुग्णालयाशी संलग्न दंत महाविद्यालयाचा प्रारंभ झाला. १९४८ च्या दंतवैद्यक अधिनियमान्वये १९४९ मध्ये भारतीय दंत परिषद स्थापन झाली व अभ्यासक्रमास एकसूत्रता आली. नांदेड व लातूर हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्र राज्यात आला. दंतवैद्यकाच्या शिक्षणासाठी या भागातील विद्यार्थ्यांना दीर्घकाळ मुंबई, नागपूर किंवा हैदराबाद येथे जावे लागे. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे १९८२ मध्ये शासकीय दंत महाविद्यालय सुरू झाले. त्याच वर्षी उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यातून लातूर हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. पुढे लातूर येथे महाराष्ट्र इन्स्टिट्यूट ऑफ डेंटल सायन्सेस अँड रिसर्च व नांदेड येथे ग्रामीण दंत महाविद्यालय या संस्था उभ्या राहिल्या. नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ मध्ये सुरू झाले.

अशा प्रदेशात दंतवैद्यांच्या हाती पारदमेलासारखे द्रव्य असणे ही मोठी सोय होती. छोट्या खलात धातूची पूड व पारा घोटावा, कापडातून किंवा मऊ कातड्यातून जास्तीचा पारा पिळून काढावा आणि लगदा विवरात ठासावा, एवढीच सामग्री पूरणासाठी लागे. लगदा घट्ट होण्यास विजेच्या दिव्याची आवश्यकता नव्हती. थोडीशी लाळ लागली, तरी पूरण संपूर्णपणे वाया जात नसे. खर्च कमी होता व नीट भरलेली चांदी दहापंधरा वर्षे, कित्येकदा त्याहूनही अधिक काळ टिके. दाढ उपटण्यापलीकडे ज्यांना पर्याय नव्हता, अशा पुष्कळ लोकांची चर्वणशक्ती या करड्या रंगाच्या द्रव्याने वाचविली, ही गोष्ट त्याचे दोष मोजताना विसरता येत नाही. मात्र खलात उघड्यावर पारा घोटण्याच्या व तळहातावर लगदा मळण्याच्या जुन्या रीतीत खरा धोका होता. रुग्ण अल्पकाळ खुर्चीवर बसून जाई. दंतवैद्य व त्याचा मदतनीस मात्र दिवसभर पाऱ्याच्या बाष्पात श्वास घेत. पूड व पारा मोजून बंद केलेल्या कुप्या आल्यानंतर हा धोका बराच कमी झाला.

दाताच्या रंगाची द्रव्ये : पुढच्या दातांत चांदी शोभत नसल्याने दाताच्या रंगाच्या द्रव्याचा शोध पूर्वीपासून चालू होता. विसाव्या शतकाच्या प्रारंभी सिलिकेट सिमेंट प्रचारात आले. परंतु ते लाळेत हळूहळू विरघळे व मगजास त्रासदायक ठरे. १९४० नंतर ॲक्रिलिक रेझिने वापरण्यात आली. ती घट्ट होताना फार आकुंचन पावत, कडेला फट पडे व तेथे डाग धरत.

या अडचणीतून दोन संशोधनांनी मार्ग काढला. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथे मायकेल ब्यूनोकोर यांनी १९५५ मध्ये असे दाखविले, की दंतवल्कावर फॉस्फोरिक अम्ल अल्पकाळ लावून धुतल्यास त्याचा पृष्ठभाग सूक्ष्म छिद्रांनी खडबडीत होतो व त्या छिद्रांत शिरलेले रेझीन घट्ट पकड घेते. दुसरे संशोधन राफाएल बोवेन यांचे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेत काम करीत असताना त्यांनी मोठ्या रेणूंचे, कमी आकुंचन पावणारे एकवारिक तयार केले आणि त्यात काचेची किंवा सिलिकेची बारीक पूड मिसळली. पुडीच्या कणांवर सिलेनचा लेप दिल्याने रेझीन व कण यांचा पक्का सांधा जुळला. याचे एकस्व त्यांना १९६२ मध्ये मिळाले. सेंद्रिय रेझीन व अकार्बनी कण या दोहोंनी मिळून बनलेले म्हणून ते ‘संमिश्र’ होय.

आरंभीची संमिश्रे दोन लगदे कालवून घट्ट केली जात. १९७० च्या सुमारास जंबुपार प्रकाशाने व त्या दशकाच्या अखेरीस निळ्या दृश्य प्रकाशाने घट्ट होणारी संमिश्रे आली. त्यामुळे दंतवैद्यास हवा तेवढा वेळ आकार देण्यास मिळू लागला. दंतिनाला चिकटण्याचा प्रश्न अधिक अवघड होता, कारण दंतिन ओलसर असते व त्यात सेंद्रिय द्रव्य अधिक असते. जपानमध्ये फुसायामा व नाकाबायाशी यांनी १९८० च्या आसपास केलेल्या कार्यातून हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला. अम्लाने खनिजे काढलेल्या दंतिनाच्या जाळ्यात रेझीन झिरपून दोहोंचा मिश्र थर तयार होतो, असे त्यांच्या कार्यातून स्पष्ट झाले.

संमिश्र दाताला चिकटत असल्याने विवराला पेटीचा आकार देण्याची गरज राहत नाही. किडलेला भाग काढला, की पुरते. निरोगी दात वाचविणे हा संमिश्राचा खरा लाभ असून पांढरा रंग हा त्यामानाने गौण लाभ होय. परंतु हा लाभ नव्या विवरात मिळतो. जेथे चांदीसाठी पेटी पूर्वीच कोरली गेली आहे, तेथे संमिश्र भरल्याने गेलेला दात परत येत नाही.

पाऱ्याचा प्रश्न : पारदमेलाच्या पूरणातून, विशेषतः चावताना, पाऱ्याचे अत्यल्प बाष्प बाहेर पडते. आल्फ्रेट श्टोक (१८७६–१९४६) या जर्मन रसायनशास्त्रज्ञांना प्रयोगशाळेतील पाऱ्याच्या बाष्पाने दीर्घकाळ आजार जडला होता. त्यांनी १९२६ मध्ये या धोक्याकडे व पारदमेलाकडे लक्ष वेधले. पुढे जपानमधील मिनामाता येथे १९५६ मध्ये उघडकीस आलेल्या विषबाधेमुळे पाऱ्याबद्दलची भीती जगभर पसरली. येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. मिनामाता येथील विष हे कारखान्याच्या सांडपाण्यातून माशांत साठलेले मेथिल पारा हे सेंद्रिय संयुग होते. दातातील पारा हा धातुरूपाने बांधलेला असतो. अमेरिका व पोर्तुगाल येथे शाळकरी मुलांवर केलेल्या व २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन दीर्घ अभ्यासांत पारदमेल व संमिश्र भरलेल्या मुलांच्या बुद्धीत वा तंत्रिकाकार्यात उल्लेखनीय फरक आढळला नाही. मात्र पारदमेलाची क्वचित अधिहृषता, म्हणजे ॲलर्जी, असू शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये गरोदर व स्तन्यदा स्त्रिया, सहा वर्षांखालील मुले, तसेच तंत्रिकाविकार व मूत्रपिंडविकार असलेल्या व्यक्ती यांच्या दातांत शक्यतो नवा पारदमेल भरू नये, असे सुचविले. त्याच वेळी सुस्थितीतील जुनी पूरणे वैद्यकीय कारणाशिवाय काढू नयेत, असेही स्पष्ट केले.

पारदमेलाचा वापर कमी होण्यामागे तोंडातील धोक्यापेक्षा पर्यावरणातील धोका हे अधिक बलवत्तर कारण आहे. दवाखान्याच्या सांडपाण्यातून गेलेला पारा नदीनाल्यांत पोहोचतो व तेथील सूक्ष्मजंतू त्याचे मेथिल पाऱ्यात रूपांतर करू शकतात. २०१३ मध्ये पाऱ्याविषयीचा मिनामाता आंतरराष्ट्रीय करार झाला व तो २०१७ मध्ये अंमलात आला. भारताने त्यास २०१८ मध्ये अनुसमर्थन दिले. यूरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून पारदमेलाचा वापर, अपवाद वगळता, बंद केला. कराराच्या सदस्यराष्ट्रांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनीव्हा येथील परिषदेत २०३४ पर्यंत जगभर त्याचा वापर संपुष्टात आणण्याचे ठरविले. हे निर्णय नव्या पूरणांसंबंधी आहेत. लोकांच्या तोंडात आधीच असलेली पूरणे काढून टाकावीत, असे त्यांत म्हटलेले नाही.

पुनर्पूरण केव्हा व कसे : जुन्या पूरणाची कड तुटून तेथे अन्न अडकणे, पूरणाखाली किंवा कडेला नवी कीड लागणे, पूरण वा दात तडकणे, तसेच पूरण सैल होणे ही ते बदलण्याची सबळ कारणे होत. पूरण काळे पडणे, त्यावर ओरखडे असणे किंवा भोवतीचा दात करडा दिसणे ही एकटी कारणे पुरेशी नाहीत. पारदमेलातील धातू दंतिनात झिरपल्याने दात करडा दिसतो. ती कीड नव्हे. खडबडीत कड पुष्कळदा नुसती घासून गुळगुळीत करता येते किंवा तेवढाच भाग दुरुस्त करता येतो.

पुनर्पूरण ठरल्यास प्रथम क्ष-किरण चित्र घेऊन कीड मगजाच्या किती जवळ आहे ते पाहतात. स्थानिक बधिरीकरणानंतर दाताभोवती पातळ रबरी पडदा बसवितात. त्यामुळे पाऱ्याचे कण घशात जात नाहीत व पुढे लाळही विवरात येत नाही. जुने पूरण संपूर्ण घासून काढण्याऐवजी त्यास चिरा देऊन ते तुकड्यांनी सुटे करतात, कारण घासण्याने उष्णता व बाष्प वाढते. पाण्याचा भरपूर फवारा व जोरदार शोषणनलिका यांचा वापर अत्यावश्यक असतो. निघालेले तुकडे हवाबंद डब्यात साठवावे लागतात. ते मोरीत किंवा कचऱ्यात टाकणे अयोग्य होय. विवर उघडल्यावर तळाशी दिसणारे काळे दंतिन कठीण असल्यास ते कोरू नये. तो धातूचा डाग असतो आणि तो पांढरा करण्याच्या हौसेपायी मगज उघडा पडण्याचा संभव असतो. त्यानंतर दंतवल्कावर सु. १५ सेकंद अम्ल लावून ते धुतात, बंधक द्रव लावतात व संमिश्र सु. २ मिमी. जाडीच्या थरांनी भरून प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने घट्ट करतात. घट्ट होताना संमिश्र आकारमानाने सु. २ ते ३ टक्के आकुंचन पावते, म्हणून थर पातळ ठेवणे इष्ट असते. शेवटी रंगीत कागदावर चावावयास सांगून उंचवटे तपासतात व पूरणास झिलई देतात.

या कामात घाई झाली, लाळ वा रक्त लागले किंवा प्रकाश अपुरा पडला, तर दोष लगेच दिसत नाही. काही महिन्यांनी थंड पाण्याने ठणका लागतो आणि काही वर्षांत पांढऱ्या पूरणाखाली कीड वाढते. दाढांतील पूरणांच्या तुलनात्मक परीक्षणांचा २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक पद्धतशीर आढावा असे दर्शवितो, की संमिश्राची पूरणे निकामी होण्याचे प्रमाण पारदमेलाच्या जवळजवळ दुप्पट होते व दुय्यम दंतक्षयही अधिक होता. त्यानंतर द्रव्ये सुधारली असली, तरी हाताच्या कौशल्यावरील व कोरडेपणावरील त्यांचे अवलंबन कायम आहे. शिवाय प्रत्येक पुनर्पूरणात विवर थोडे मोठे होते. लहान पूरणाचे मोठे पूरण, मोठ्याचे टोपण, मग मगजाची चिकित्सा व अखेर दंतोत्पाटन, अशी ही उतरंड आहे. सुस्थितीतील चांदी केवळ रंगासाठी काढणारा माणूस या उतरंडीची एक पायरी विनाकारण उतरतो.

नांदेड व लातूर येथील विशेष परिस्थिती : या प्रदेशात आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो. नांदेड जिल्ह्याच्या पूर्व भागात दक्खनच्या बेसाल्टाची सीमा संपून ग्रॅनाइट व पट्टिताश्म खडक लागतात. जिल्ह्यातील किनवट तालुक्यासह काही भागांत विंधण विहिरींच्या पाण्यात फ्ल्युओराइडाचे प्रमाण अधिक आढळले आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे १ मिग्रॅ. पर्यंत असणे इष्ट व १·५ मिग्रॅ. ही कमाल मर्यादा होय. अल्प फ्ल्युओराइड दंतक्षयास प्रतिबंध करते. परंतु दंतवल्क तयार होण्याच्या बालवयात ते अधिक गेल्यास दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे व पुढे तपकिरी डाग येतात. अशा दातांचे तरुण-तरुणी पांढऱ्या आवरणासाठी दंतवैद्याकडे येतात व विवाहाच्या वेळी ही गरज अधिक तीव्रतेने भासते. या विकारात दंतवल्काचा बाहेरील थर अम्लास अधिक दाद देत नाही, तर त्याखालील थर सच्छिद्र असतो. त्यामुळे अम्ल लावण्याची नेहमीची रीत येथे नेहमीच पुरी पडत नाही व संमिश्राची पकड कमी पडू शकते. यासाठी दंतवैद्यास कधी अम्ल अधिक काळ ठेवावे लागते, तर कधी वरचा थर किंचित घासावा लागतो. तंबाखूच्या मिश्रीने दात घासण्याच्या सवयीमुळेही दात झिजतात आणि संमिश्रावर डाग धरतात.

यांखेरीज दूरच्या गावाहून एकदाच येऊ शकणारा रुग्ण, खंडित होणारा वीजपुरवठा व खर्चाची मर्यादा या गोष्टी द्रव्याच्या निवडीत महत्त्वाच्या ठरतात. अशा ठिकाणी काच आयनोमर सिमेंट हा तिसरा पर्याय उपयुक्त आहे. ॲलन विल्सन व ब्रायन केंट यांनी ब्रिटनमध्ये १९६९ च्या सुमारास शोधलेले हे सिमेंट दाताला रासायनिक रीत्या चिकटते, विजेच्या दिव्याशिवाय घट्ट होऊ शकते व थोडे फ्ल्युओराइडही मुक्त करते. चावण्याचा भार सोसण्याची त्याची क्षमता मात्र कमी असते. १९८० नंतर टांझानियात यो फ्रेंकेन यांनी फिरत्या यंत्राविना, केवळ हातातील उपकरणांनी कीड काढून असे सिमेंट भरण्याची पद्धत विकसित केली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये तिचा पुरस्कार केला. शालेय तपासणीत आढळणारी लहान विवरे गावातच भरण्यास ही पद्धत सोयीची आहे.

समारोप : पारदमेलाचा काळ संपत आला आहे. त्याच्या जागी येणारी द्रव्ये निरोगी दात अधिक वाचवितात व निसर्गात पारा मिसळू देत नाहीत, म्हणून हा बदल स्वागतार्ह आहे. परंतु स्वस्त, टिकाऊ व लाळेस न जुमानणारे द्रव्य जाऊन खर्चिक व काटेकोर कामाची अपेक्षा करणारे द्रव्य येत असल्याने, ज्यांना दंतवैद्याकडे वारंवार जाता येत नाही त्यांच्यावर त्याचा भार अधिक पडण्याचा संभव आहे. सार्वजनिक रुग्णालयांत प्रशिक्षित मनुष्यबळ, प्रकाशयंत्रे व शोषणनलिका यांची तरतूद झाली नाही, तर चांदीऐवजी संमिश्र न मिळता पुन्हा दंतोत्पाटनच वाट्यास येईल. सुस्थितीतील जुन्या चांदीस हात न लावणे, बिघडलेली चांदी योग्य दक्षतेने बदलणे आणि नवे विवर पडूच नये म्हणून बालपणापासून साखरेवर नियंत्रण, फ्ल्युओराइडयुक्त दंतमंजनाचा बेताचा वापर व सुरक्षित पाणी यांकडे लक्ष देणे, हाच यातील हितावह क्रम होय. चांदी असो वा संमिश्र, मानवनिर्मित कोणतेही पूरण मूळ दंतवल्काच्या तोडीचे ठरलेले नाही.